बाँडची रक्कम ही कमाल मर्यादा आहे, दंड नव्हे



काही दिवसांपूर्वी आमच्या युनियन कार्यालयात एक ट्रॅकमन आला. ड्युटी संपवून थेट आलेला, हातात स्पीड पोस्टाचे पाकीट. पाकिटातली नोटीस त्याच्या नावाची होती, पण नोकरी त्याने सोडलेली नव्हती. सोडली होती त्याच्या भाच्याने. भाचा रेल्वेत तांत्रिक पदावर निवडला गेला, प्रशिक्षण केंद्रातून पास होऊन आला, साडेतीन वर्षे काम केले आणि दुसऱ्या एका सरकारी खात्यात निवड झाल्यावर राजीनामा देऊन निघून गेला. बाँड पाच वर्षांचा होता आणि जामीनदार म्हणून मामाने सही केली होती. आता प्रशिक्षणाचा खर्च व विद्यावेतन मिळून सगळी रक्कम तीस दिवसांत भरावी, असे प्रशासनाचे पत्र आले होते. हिशोबाचा कागद सोबत जोडलेला नव्हता.

मामाने एकच प्रश्न विचारला. "भाऊ, पोरगं साडेतीन वर्षं राबलं, त्याचा काहीच हिशोब नाही का?"

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. रेल्वेतल्या कित्येक पदांसाठी, टपाल खात्यात अध्ययन रजा घेणाऱ्यांसाठी, बँकांत आणि सार्वजनिक उद्योगांत असे बाँड लिहून घेतले जातात. आपल्यात याविषयी दोन समजुती आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. काही जण म्हणतात, "बाँड म्हणजे रद्दी, कोर्टात टिकत नाही, खुशाल सही कर." काही जण म्हणतात, "सही केली म्हणजे संपले, मागतील तेवढे भरावेच लागेल." पहिल्या समजुतीने तरुण मुले फसतात आणि दुसरीने त्यांचे जामीनदार नागवले जातात. कायदा या दोहोंच्या मधे उभा आहे. तो नेमका कोठे उभा आहे, हे समजून घेणे आणि जेथे तो अपुरा पडतो तेथे मागणी करणे, हे युनियनचे काम आहे.

बाँड बेकायदा नाही

आधी कडू गोष्ट सांगतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात निकाल दिला. ही बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, पण खटला त्याआधीचा. २००६ सालच्या भरतीच्या जाहिरातीतच बँकेने अट घातली होती की, निवड झालेल्या अधिकाऱ्याने तीन वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरावे लागतील. एक अधिकारी २००७ साली त्या अटीवर रुजू झाला. २००९ साली त्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. दोन लाख रुपये त्याने निषेध नोंदवून भरले आणि तो कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली.

न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. पण ही अट नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नको, असे सांगत नाही. ती नोकरी चालू असतानाच्या मुदतीपुरती आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील एका शिफ्ट सुपरवायझरच्या खटल्यात १९६७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला होता. शिवाय सरकारी बँकेला खासगी मालकाप्रमाणे वाटेल त्याला बोलावून नेमता येत नाही. जाहिरात, परीक्षा, मुलाखत, सगळे राज्यघटनेच्या समानतेच्या चौकटीत करावे लागते. माणूस मधेच गेला तर तो सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, म्हणून अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही.

तेव्हा "बाँड कोर्टात टिकत नाही" हे यापुढे कोणा सभासदाला सांगू नका. आम्हीही सांगणार नाही.

पण निकाल तेवढाच नाही

वर्तमानपत्रांनी मथळ्यात एवढेच छापले की, बाँड वैध ठरला. आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी निकालाच्या पोटात आहेत.

पहिली गोष्ट. न्यायालयाने सांगितले की, मालकाने छापून ठेवलेला आणि कामगाराने फक्त सही करायचा करार हा मुळातच दोन असमान पक्षांतला करार दिसतो. कामगाराने तशी तक्रार केली तर न्यायालयाने ही असमानता लक्षात घेऊन तपासणी केली पाहिजे, आणि अट रास्त आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही. याची मुळे १९८६ सालच्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या निकालात आहेत. सार्वजनिक उद्योगाने कायम कामगाराला तीन महिन्यांची नोटीस देऊन काढून टाकण्याचा जो नियम केला होता, तो तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अन्याय्य म्हणून फेकून दिला होता.

दुसरी गोष्ट. दोन लाख ही रक्कम न्यायालयाने रास्त का मानली? तो माणूस वरिष्ठ व्यवस्थापक होता, त्याचा पगार चांगला होता, आणि ही रक्कम इतकी मोठी नव्हती की त्यामुळे राजीनामा देणेच अशक्य व्हावे. म्हणजे रकमेचे माप माणसाच्या पगाराशी लावले गेले. मग जो सहायक लोको पायलट, जो पोस्टल असिस्टंट, जो टेक्निशियन पहिल्याच पायरीवर उभा आहे, त्याच्यासाठी हेच माप लावले तर उत्तर वेगळे यायला नको काय? वरिष्ठ व्यवस्थापकासाठी जे ओझे पेलण्याजोगे ठरले, ते गट 'क' च्या कामगाराला पायात घातलेली बेडी ठरू शकते. हा मुद्दा आपल्या प्रत्येक उत्तरात मांडला गेला पाहिजे.

कलम ७४ काय म्हणते

आता मामाच्या प्रश्नाकडे येतो. करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारात मोडतोडीबद्दल एखादी रक्कम लिहिलेली असली तर पीडित पक्षाला वाजवी भरपाई मिळेल आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही. नीट वाचा. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे. मिळायची आहे ती वाजवी भरपाई. १९६३ सालापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे. २०१५ साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, नुकसान झालेच नसेल तर भरपाई नाही आणि नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध केले पाहिजे.

प्रशिक्षणाचा खर्च तर मोजता येतोच. प्रशिक्षण केंद्राकडे वर्ग किती दिवस चालला, विद्यावेतन किती दिले, वसतिगृहाचा खर्च किती, याची नोंद असते. मग हिशोब न देता गोळा रक्कम मागण्याचे कारण काय?

दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०११ साली सिक्पा इंडिया या खासगी कंपनीचे प्रकरण आले होते. बाँड तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा होता. प्रशिक्षणावर प्रत्यक्ष खर्च झाला होता साधारण ६७ हजार ६०० रुपये. कर्मचाऱ्याने तीनपैकी दोन वर्षे काम केले होते. कंपनीच्या पदरात पडले २२,५३२ रुपये, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा एक तृतीयांश. बाँडवरची दोन लाखांची रक्कम कागदावरच राहिली. हा उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि खासगी कंपनीचा आहे, हे मान्य. पण त्यातला हिशोब कोणाही शहाण्या माणसाला पटेल असा आहे.

तोच हिशोब आपल्या भाच्याला लावून पाहा. समजा, प्रत्यक्ष खर्च १,२०,००० रुपये झाला आणि मुदत ६० महिन्यांची आहे. म्हणजे महिन्याला २,००० रुपये. त्याने ४२ महिने काम केले, तर ८४,००० रुपये फिटले. उरले ३६,०००. एवढे मागा, आम्ही त्या मुलाला भरायला सांगू. पण पहिल्या महिन्यात पळालेला आणि साडेतीन वर्षे रात्रपाळ्या केलेला, दोघांना एकच रक्कम लावणे याला भरपाई म्हणत नाहीत. तो दंड झाला.

एक खाचखळगाही सांगून ठेवतो, कारण प्रशासनाचे वकील तो दाखवतात. याच कलम ७४ ला एक अपवाद जोडलेला आहे. सरकारच्या आदेशाने सार्वजनिक कर्तव्यासाठी किंवा लोकहिताच्या कामासाठी लिहून दिलेला बाँड मोडला तर पूर्ण रक्कम भरावी लागते. हे वाचून अनेकांचे हातपाय गळतात. पण त्याच्याच खाली स्पष्टीकरण आहे की, सरकारशी करार केला एवढ्यावरून माणसाने सार्वजनिक कर्तव्य पत्करले, असे आपोआप ठरत नाही. अपवाद दाखवला तर स्पष्टीकरण दाखवा. बाँडची ही भाषा वकिलाला एका दमात कळते. माझ्यासारख्या दहावी शिकलेल्याला ती तीनदा वाचावी लागते. पण तीनदा वाचावी, सोडून देऊ नये.

आणि जामीनदाराने एवढे लक्षात ठेवावे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. भाच्याची रक्कम कमी ठरली तर मामाचीही कमी ठरते. म्हणून नोटीस आली की घाबरून सोसायटीचे कर्ज काढून भरू नका. आधी हिशोब मागा.

सरकारी नोकरीतून सरकारी नोकरीत

त्या भाच्याची एक चूक मात्र झाली होती आणि ती आमच्या पुष्कळ तरुणांची होते. त्याने नव्या नोकरीचा अर्ज परस्पर केला. खात्यामार्फत पाठवला नाही, ना हरकत प्रमाणपत्र घेतले नाही.

केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या सूचना अशा आहेत की, कर्मचारी योग्य परवानगीने केंद्र सरकारच्या दुसऱ्या खात्यात, राज्य सरकारात, सार्वजनिक उद्योगात किंवा सरकारी स्वायत्त संस्थेत गेला, तर बाँडची रक्कम वसूल करायची नाही. उरलेल्या मुदतीसाठी नव्या मालकाकडे नवा बाँड लिहून द्यायचा, म्हणजे बंधन माणसाबरोबर पुढे जाते. यामागचा विचार सरळ आहे. प्रशिक्षणावरचा पैसा जनतेचा होता, आणि माणूस जनतेच्याच सेवेत राहिला.

शिवाय केंद्र सरकारच्या एका खात्यातून दुसऱ्यात जाताना खात्यामार्फत अर्ज करून दिलेला राजीनामा 'तांत्रिक राजीनामा' धरला जातो. त्याने मागची सेवा व शिल्लक रजा वाचते. साधा राजीनामा दिला तर मागची सेवा बुडते. बाँडच्या रकमेपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते. म्हणून स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगा की, अर्ज करण्याआधी कार्यालयाला लेखी कळव आणि पोच घे. कार्यालय अर्ज अडवून ठेवत असेल, तर शाखा सचिवाकडे ये.

टपाल खात्यातील साथींसाठी अध्ययन रजेचा नियम वेगळा सांगतो. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ च्या नियम ६३ प्रमाणे, अध्ययन रजेवरून परतल्यावर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर रजा वेतन, अध्ययन भत्ता, फी वगैरे प्रत्यक्ष दिलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते. येथे केलेल्या सेवेच्या प्रमाणात आपोआप कपात नाही, हे ध्यानात ठेवूनच रजा घ्यावी. पण दोन गोष्टी पाहा. नियम 'प्रत्यक्ष' रक्कम म्हणतो, गोळा दंड म्हणत नाही. आणि परिस्थिती पाहून ही रक्कम माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार त्याच नियमात राखून ठेवलेला आहे. तो मागण्याचा अर्ज करण्यात कसला कमीपणा?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा यापेक्षा बरा आहे. अप्रेंटिस कायदा, १९६१ च्या कलम ७ प्रमाणे करार मालकाच्या कसुरीने मोडला तर मालकाने भरपाई द्यायची, आणि उमेदवाराच्या कसुरीने मोडला तर उमेदवाराने प्रशिक्षणाचा खर्च द्यायचा. १९९२ च्या नियमांत दोन्ही बाजूंना एकच माप आहे, शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतके. कायदा करणाऱ्यांना हे जमले होते! मग भरतीच्या बाँडमध्ये कामगाराची जबाबदारी पानभर आणि प्रशासनाची एक ओळही नाही, असे का?

आपल्याच घरातला वाद

हे सगळे मी शाखेच्या सभेत मांडले तेव्हा एक ज्येष्ठ लोको पायलट उठून बोलले. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. "सेक्रेटरी, पोरं शिकून निघून जातात आणि डबल ड्युटी आम्ही मारतो. आमची रजा नाकारली जाते. बाँड ढिला केला तर उद्या लॉबीत माणूस उरणार नाही."

त्यांचे दुःख खरे आहे. पण माणूस कमी पडतो तो बाँड ढिला असल्यामुळे नव्हे. रेल्वे भरती मंडळाने जानेवारी २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात काढली. जूनमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसचा अपघात झाल्यानंतर त्याच जागा १८,७९९ करण्यात आल्या. पाच महिन्यांत तेरा हजार जागा कोठून उगवल्या? त्या आधीपासूनच रिकाम्या होत्या. काही शे मुले बाँड मोडून गेल्यामुळे हे भगदाड पडलेले नाही. भरती वर्षानुवर्षे लांबवल्यामुळे पडले आहे. आपली रजा भाच्याने अडवलेली नाही, हे आपल्या माणसांना समजावून सांगितले पाहिजे. नाहीतर जुना कामगार आणि नवा कामगार एकमेकांकडे संशयाने पाहतील आणि जबाबदार असलेले नामानिराळे राहतील.

दुसरेही एक पाहिले पाहिजे. भुसावळच्या प्रशिक्षण केंद्रात स्टेशन मास्तरला जे जनरल रूल्स शिकवतात, सिकंदराबादच्या संस्थेत सिग्नलच्या माणसाला जे शिकवतात, त्याशिवाय रेल्वे एक दिवस सुरक्षित धावणार नाही. हे प्रशिक्षण मुख्यतः रेल्वेच्या गरजेचे आहे. ते घेताना मुलगा लाइनवर, फूटप्लेटवर, पॅनेलवर काही महिने राबतोही. याचा सगळा खर्च त्याच्या डोक्यावर कर्जासारखा टाकणे रास्त नाही. पगारी रजा घेऊन कोणी बाहेरची पदवी मिळवली आणि ती बाजारात विकली, तर त्याच्याकडून प्रत्यक्ष खर्च घेण्यास माझी हरकत नाही. दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

मागण्या

म्हणून फेडरेशनने पुढील मागण्या वाटाघाटींच्या टेबलावर ठेवाव्यात, असे मी सुचवितो.

१. बाँडची वसुली केलेल्या सेवेच्या प्रमाणात महिन्यागणिक कमी झाली पाहिजे आणि तसे बाँडमध्येच छापले पाहिजे.

२. वसुलीच्या नोटिशीसोबत प्रत्यक्ष खर्चाचा तपशील दिला पाहिजे. तपशिलाशिवाय नोटीस ग्राह्य नाही.

३. सुरक्षेसाठी सक्तीचे असलेले प्रशिक्षण व उजळणी वर्ग बाँडच्या खर्चात धरू नयेत.

४. रकमेला पदाच्या मूळ पगाराशी जोडलेली कमाल मर्यादा असावी.

५. स्वतःचे आजारपण किंवा घरातील गंभीर अडचणीमुळे नोकरी सोडावी लागल्यास माफीचा स्पष्ट नियम असावा.

६. बाँडची प्रत, कामगाराला समजेल त्या भाषेत, सही करतानाच त्याला व जामीनदाराला दिली पाहिजे.

यातली एकही मागणी अवाजवी नाही. पहिल्या दोन तर कलम ७४ च्याच भाषेत आहेत.

तोवर प्रत्येकाने चार गोष्टी कराव्यात. सही करण्याआधी बाँड वाचावा आणि झेरॉक्स ठेवावी. अर्ज खात्यामार्फतच करावा. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि उत्तरात हिशोब मागावा. आणि भरणे भागच पडले तर निषेध नोंदवून भरावे. त्या बँक अधिकाऱ्याने तसे केले होते, म्हणूनच त्याला सोळा वर्षे खटला लढता आला. तो शेवटी हरला हे खरे, पण जाताजाता न्यायालयाकडून आपल्या सर्वांसाठी दोन चांगली वाक्ये लिहवून घेऊन गेला.

त्या ट्रॅकमनच्या नोटिशीला आम्ही उत्तर दिले आहे. प्रत्यक्ष खर्च किती, साडेतीन वर्षांची वजावट किती, आणि नवी नोकरीही सरकारचीच असताना उशिरा का होईना बंधन पुढे नेण्यास हरकत काय, असे तीन प्रश्न विचारले आहेत. प्रशासनाचे उत्तर अजून आलेले नाही. मामा मात्र आता रात्री झोपतो, असे त्याच्या गँगमधले साथी सांगतात. भाच्याने घेतलेल्या प्रशिक्षणाचे जे देणे निघेल ते तो देईल. केलेल्या साडेतीन वर्षांच्या कामाचे माप मात्र प्रशासनाने त्याच्या पदरात घातलेच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!